गाडी हलली नाही, बांध आला

आधी कबुली. डोंगर, भाकरी वगैरे नंतर येईलच.

गेल्या भाद्रपदातल्या एका रविवारी डिंभ्याच्या वरच्या अंगाला माझी गाडी चिखलात रुतली. ती बाहेर निघाल्यावर मी आमच्या ऑफ-रोडवाल्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'एकटा होतो. विंचनं काढली.' लोकांनी टाळ्या पाठवल्या. विंचनं गाडी काढली नव्हती. विंचनं एका भातखाचराचा दगडी बांध पाडला होता, आणि त्या पडलेल्या बांधाचे दगड चाकांखाली घालून मी गाडी काढली होती. खाचरात पोटरीला आलेलं भात उभं होतं. ते पाण्याबरोबर उतारावर आडवं झालं. फोटोचा कोन मी असा धरला की ते दिसू नये. पुढचे सात महिने ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही.

आता प्रवास.

वारूळवाडी

मी वारूळवाडीचा. नारायणगावच्या रस्त्याला आमचं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. पणजोबा मारवाडातून आले. आता घरात मारवाडी फक्त रागावताना बोलली जाते. वय बावन्न. मी कमी बोलतो. दुकानात ह्याला अक्कल समजतात, घरात आखडूपणा. खरं कारण असं की मला वेळेवर काही सुचत नाही.

पन्नाशीत कुणाला शुगर होते, कुणाला गुडघे. मला गाडी झाली.

गाडी तशी साधी, छोटी एसयूव्ही. इंजिन पुढची दोनच चाकं फिरवतं. मागची दोन नुसती सोबतीला. हे मला सगळं सामान बसवून झाल्यावर कळलं. हायवेवरच्या रज्जाकभाईंच्या गॅरेजमध्ये मी तिला स्प्रिंगांखाली चकत्या घालून दोन इंच उंच केली. खडबडीत टायर चढवले. टपावर कॅरियर ठोकलं. मागचं सीट काढून तिथे प्लायवूडचे खण केले: एकात शेगडी, एकात भांडी, एकात छोटा फ्रीज, वर झोपायला फळी. पुढे लोखंडी बंपर आणि त्याच्या पोटात विंच, म्हणजे दोर गुंडाळत गुंडाळत गाडीला ओढून काढणारं मोटरचं यंत्र.

"शेठ," रज्जाकभाई म्हणाले, "शेळीला मोठी शिंगं लावली म्हणून ती म्हैस होत नाही."

"मग लावता कशाला?"

"तुम्ही सांगता म्हणून. माझं काय, मी शेळीला सोंडसुद्धा लावीन."

पुढच्याच महिन्यात त्यांनी सोंड लावली. खोल पाण्यातून जाताना इंजिनाला हवा मिळावी म्हणून काचेशेजारून वर गेलेला एक पाइप. जन्मभर पाइप विकतोय, पण हा मात्र मी विकत आणला. घरी संगीता, म्हणजे आमची मंडळी, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "माझ्या आईला न्यायला ह्यात जागा नाही. शेगडीला आहे."

तर तो रविवार. त्याच्या तीनच दिवस आधी आमची संवत्सरी झाली होती. त्या दिवशी आम्ही जैन लोक सगळ्यांची क्षमा मागतो. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा, 'मिच्छामि दुक्कडम्'. पूर्वी घरोघर जाऊन हात जोडावे लागत. आता मी फोनमधल्या चारशे जणांना एका बोटानं पाठवतो. त्या वर्षी ते एका पाइप कंपनीच्या तक्रार विभागालाही गेलं. त्यांनी तक्रार क्रमांक पाठवला. अशी पाटी कोरी करून मी तिसऱ्या दिवशी ग्रुपबरोबर डोंगरात गेलो, धुक्यात त्यांच्यापासून चुकलो, जवळचा रस्ता म्हणून बैलवाटेला लागलो आणि रुतलो.

विंचचा दोर झाडाला बांधायचा असतो. जवळचं झाड दोरापेक्षा लांब होतं. समोर खाचराचा बांध होता, चुना-सिमेंट नसलेला, दगडावर दगड ठेवून उभा केलेला, आणि त्यातून एक भला मोठा दगड दातासारखा पुढे आला होता. मी त्याला पट्टा घातला आणि बटण दाबलं. दोर ताणला. गाडी नमस्कार केल्यासारखी पुढे वाकली. मग बांध आला.

मघाशी जिथे भिंत होती तिथून चिखल, पाणी आणि भात खाली येत होतं. दगडांच्या फटीतून दोन खेकडे निघाले आणि माझ्याकडे बघत थांबले. चारशे लोकांची क्षमा मागितलेल्या माणसानं त्यांची मागितली नाही. मी घाईत होतो.

जुन्नर

चैत्रात मी घरी सांगितलं, गाडीच्या कडेला सावलीचं कापड शिवून घेतो आणि दोन दिवस वर राहून येतो. शिवायचं होतं हे खरं. पण गाडीच्या कप्प्यात पैसे घातलेलं एक पाकीटही होतं. बेत असा की त्या वाडीत जायचं, खाचर कुणाचं ते कळलं की पाकीट ओसरीवर ठेवायचं आणि निघायचं. म्हणजे मागच्या वेळेसारखंच पळायचं, फक्त ह्या खेपेला आधी काहीतरी ठेवून.

जुन्नरच्या जुन्या बाजारातल्या गल्ल्या माणसं आणि मोटरसायकलींच्या मापाच्या आहेत. माझ्या टपावरच्या कॅरियरनं एका दुकानाबाहेर टांगलेल्या प्लास्टिकच्या बादल्यांची माळ उचलली आणि दहा पावलं बरोबर नेली. दुकानदार मागून शांतपणे चालत आला. "राव, घ्यायच्या आसतील तर सांगा. नसतील तर उतरवा."

ताडपत्री शिवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरानं माप घेता घेता विचारलं, "ह्याच्याखाली काय विकणार?"

"काही नाही. बसणार."

"नुसतं?"

"चहा वगैरे पिणार."

"म्हणजे चहा विकणार," तो म्हणाला आणि मशीन सुरू केली. दोन तासांनी कापड हातात आलं तेव्हा त्याला पुढून लाल झालर होती आणि नाव रंगवायला मधे पांढरी पट्टी सोडलेली होती. मी पैसे दिले आणि घडी घातली. सांगितलंच की, वेळेवर सुचत नाही.

घोडेगाव

इथे मी तीन चहा प्यायलो. तहसील कचेरीसमोर बसून विचार केला की सातबारा काढून खाचराचा मालक शोधावा. मग माझ्याकडे गट नंबर नाही हे लक्षात आलं. माझ्याकडे फक्त फोटो होता, आणि त्यातही बांध येऊ दिला नव्हता. हॉटेलवाला गाडी न्याहाळत म्हणाला, "सायेब कंच्या खात्याचं?" मी पाइपाचा म्हणालो. "मंजी पानीपुरवठा," त्यानं ठरवून टाकलं. मी पाच किलो गूळ घेतला. कुणासाठी ते ठाऊक नव्हतं. रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढंच घरचं वळण.

डिंभ्याच्या वर

चैत्रात धरणाचं पाणी खूप खाली उतरलेलं असतं. काठाला भेगाळ मातीच्या पायऱ्या दिसतात, एकेका आठवड्याची एकेक. डोंगर पिवळे, आणि त्यात मधेच हिरड्याची झाडं गडद उभी. वाडीचं नाव मी मुद्दाम देत नाही. वाचणाऱ्यांपैकी काहींकडे विंच असेल.

वाडीत शिरताना अंगणासारखी मोकळी, सपाट जागा दिसली. वळवली गाडी.

"आवं, आवं! हिरड्याव घालता का चाकं? डोळं हायेत का बटनं?"

खरंच जमिनीवर हिरवा-काळा बाळहिरडा वाळत पसरला होता. टायर वीतभर अलीकडे थांबला होता. ओरडणारी बाई साठीची, काटक, नऊवारी वर खोचलेली. ठकूबाई. तिनं गाडीच्या उघड्या पाठीत डोकं घातलं, एकेक खण ओढून बघितला.

"चूल हाय. भांडी हायेत. हातरूण हाय. बायकूनं हाकललं का?"

"नाही."

"आजून न्हाई म्हणा." मग तिनं बंपर, सोंड, टपावरचं सामान पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "थांबा. पंचनाम्याला आलात व्हय? भाद्रपदात माझा बांध गेला, आन चैतात सायेब आलं. चला, दावते."

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. तिच्यामागून चालत गेलो, आणि चालता चालता कळलं की पाय वाट ओळखताहेत.

बांधावर अकरा माणसं काम करत होती. पडलेला भाग साफ करून पाया उकरला होता. "मोजा," ठकूबाई म्हणाली. दुकानदाराच्या खिशात टेप असतोच. मी मोजलं. अठरा फूट. माझं कर्तृत्व पहिल्यांदाच कुणीतरी मोजून घेत होतं.

दगड बसवणारे मारुती म्हणून एक पोक्त गृहस्थ होते. ते म्हणाले, "सायेब, ल्ह्या आता. खेकड्यांनी पोखारला म्हणावं, तर दगुड भाईर वढल्यावानी पडलं व्हतं. ह्ये पाण्याचं काम. वरलं खाचर कोंडिबाचं. त्यानं त्याचं पाणी ह्या अंगाला फोडलं, दुसरं काय."

"ते म्हणाले का तसं?" मी विचारलं.

"त्यो कशाला म्हनतोय! देवळाच्या वट्याव समद्या वाडीम्होरं इचारलं. म्हनला, मी शेतात नव्हतोच. मग काय, पडकईतनं भाईर ठिवला."

पडकई आमच्याकडे खाली नाही, म्हणून सांगतो. इथे खाचराचे बांध घालायला मजूर लावत नाहीत. उन्हाळ्यात घरटी एक माणूस येतो, आज तुझ्या बांधावर, उद्या माझ्या. ज्याचं काम, त्यानं जेवण घालायचं. आणि जितकी घरं आली तितके दिवस त्यानं त्या त्या घराला परत द्यायचे. दिवसाची फेड दिवसानंच. आमच्या बाजारपेठेत हे सांगितलं तर लोक विचारतील, पावती कुठे आहे? ज्याला पडकईतून बाहेर ठेवलं त्याच्या बांधाला कुणी हात लावत नाही, आणि एकट्या माणसाच्यानं बांध होत नाही. बांध उरकले की वाडीतली बरीच घरं पेरणीपर्यंत खाली मजुरीला जातात; कोंडिबा घराला कुलूप लावून त्यांच्या दोन महिने आधीच खाली कामाला गेला होता. टोमॅटोच्या बांधणीला. कुठे, तर नारायणगावाकडे.

मी गाडीकडे परत आलो आणि झालरवाली सावली उभारली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. पाच मिनिटांत सगळे अकरा जण तिच्याखाली येऊन बसले. मी चहा केला. दुसरं काय करणार?

"साखर कमी हाय, पावणं," मारुती म्हणाले. "धंदा चालायचा न्हाई आसा."

"मी धंद्याला आलो नाही. आणि मी साहेब पण नाही. माझं पाइपांचं दुकान आहे."

ठकूबाईनं कप खाली ठेवला. "मंग मोजलं कशापायी?"

"सवय."

असा हशा झाला की झाडावरचे पक्षी उठले. अर्धं खरं सांगितल्यावर किती बरं वाटतं! उरलेल्या अर्ध्याची गरजच नाही असं वाटायला लागतं. मी त्या दिवशी तिथेच थांबलो, अर्ध्यावर. सूर्यास्ताच्या आत खाकरा खाल्ला आणि फळीवर आडवा झालो. पाकीट जागच्या जागी.

दुसरा दिवस, बांधावर

सकाळी ठकूबाई गाडीच्या काचेवर टकटक करत म्हणाली, "सायेब न्हाई ना? मग दगुड उचला."

उचलले. दुकानात मी आयुष्यभर लोकांना 'हलकं आहे, एका हातानं उचलाल' असं सांगून माल विकला. दगडाचं तसं नसतं. मारुती प्रत्येक दगड हातात फिरवून बघत. "हर दगडाला त्वांड आसतंय. त्ये आत घालायचं न्हाई, भाईर ठिवायचं. शेपूट आत." मोठे खाली, बांध किंचित डोंगराकडे कललेला, मधल्या फटीत चिपा ठोकलेल्या. सात महिन्यांपूर्वी बटण दाबायला मला लागलं होतं अर्धं मिनिट. दुपारपर्यंत अकरा आणि एक माणसांनी मिळून गुडघाभर उंची गाठली होती. त्यातला एक, म्हणजे मी, दोनदा स्वतःच्याच पायावर दगड टाकून बसलो होतो.

बांधाच्या एका टोकाला बसवायचा एक थोरला दगड ओढ्यात होता. कुणीतरी म्हणालं, शेठच्या गाडीला मोटर हाय ना वढायची? गाडी चालू होईना, म्हणून उतारावरून ढकलत आणली, दोर लावला, बटण दाबलं. काही नाही. रात्रभर फ्रीज चालू राहून बॅटरी उतरली होती. फ्रीजमध्ये फक्त काकडी होती. मग लोकांनी पहार घातली, दोराला हात लावले आणि 'हैश्या' करत दगड आणला. माझी गाडी शेजारी उभी होती, सोंड वर करून.

जेवायला झाडाखाली बसलो. नाचणीची भाकरी, वरईचा भात, आणि पाट्यावर वाटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेच्यात लसूण. आमच्या घरात लसूण येत नाही; बावन्न वर्षांत माझ्या जिभेला लागलेला नव्हता. पण दुसऱ्यानं पानात वाढलेली मेहनत डावलायची कशी, आणि पाप म्हणाल तर मोजदाद आधीच बिघडलेली. मी घास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं.

ठकूबाईनं तांब्या पुढे केला. "तिखाट लागलं व्हय?"

"नाही," मी म्हणालो. "बांध मी पाडला."

आधी कुणाला कळलंच नाही. मारुतींनी शेजारच्याला विचारलं, "काय म्हंत्यात ह्ये?" मग मी सगळं सांगितलं. धुकं, बैलवाट, दातासारखा दगड, पट्टा, बटण. चाकाखालचे दगड. फोटो. इतकं सलग मी माझ्या लग्नातही बोललो नव्हतो. मधेच एक जण हसायला लागला, 'गाडी ऱ्हायली आन बांध आला व्हय!' आणि दोघं-तिघं त्याच्यात सामील झाले. मीही हसलो असतो. पण ठकूबाई हसत नव्हती.

मी उठून पाकीट आणलं. तिनं ते घेतलं नाही, बघितलंही नाही.

"भात गेलं ते गेलं," ती म्हणाली. "कमी खाल्लं. मेलो न्हाई. पर त्या कोंडिबाला मी वट्याव काय काय बोलले! त्याच्या मेलेल्या आईला बोलले. मान खाली घालून ऐकत व्हता. त्येचं काय करू मी आता, सांगा की! तुमी लई शानं. पाकीट आणलंया."

मी म्हणालो, "चूक माझी आहे."

"हायेच की. आन हे अकरा घरांचं अकरा दिवस माझ्या डोक्याव हायेत, ते कोन देनार? पाकीट दगुड उचालतंय का?"

मारुतींनी भाकरीचा तुकडा मोडला, अगदी सावकाश. "ठके, त्ये दिवस शेठला लाव." आणि माझ्याकडे वळून, "येनार का? का पुन्यांदा फोटू काढून जानार?"

येईन म्हणालो. अकरा घरं, अकरा दिवस. कुणी कागद काढला नाही, कुणी हातावर हात मारला नाही. ठकूबाईनं एवढंच म्हटलं, "आन त्या कोंडिबाला तुमच्या त्वांडानं सांगा. आमी गेलो तर दार लावंल त्यो." गाडी धक्का मारून चालू करून घेतली आणि निघताना मी गुळाची ढेप ओसरीवर ठेवली. ती मात्र तिनं घेतली. "गूळ येगळा," म्हणाली.

परत वारूळवाडी

संगीताला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती भाजी निवडत होती. "म्हणून सात महिने पंख्याकडे बघत पडायचात होय," ती म्हणाली, "मला वाटलं, दुकानाचं काही." ग्रुपवरही सगळं लिहिलं. एकानं हसरा चेहरा पाठवला. दुसऱ्यानं सल्ला दिला की अशा वेळी दोर आणखी लांब ठेवावा.

कोंडिबाला शोधायला लांब जावं लागलं नाही. तो ज्या मळ्यात होता त्या मळ्याचं ठिबक माझ्याच दुकानातून गेलेलं. घरापासून चालत पंधरा मिनिटं. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस. कमरेला सुतळीचा गुंडा, टोमॅटोच्या वेली तारेला बांधत चालला होता. मी नाव सांगितलं, मग बांधाचं सांगितलं. तो हात न थांबवता ऐकत होता. एक वेल, दुसरी वेल, तिसरी. संपल्यावर मी हात जोडले आणि चारशे जणांना पाठवलेले ते दोन शब्द तोंडानं म्हणालो. त्याला अर्थ कळणार नव्हता, म्हणून मराठीतही म्हणालो, माफ करा.

तो थांबला. सुतळी दातानं तोडली.

"शेठ, मला वाटाया लागलं व्हतं का माझ्याकडनंच झालं आसंल. लई इचार केला. त्या दिशी पाणी कुठल्या अंगाला सोडलं, कुदळ कुठं ठिवली व्हती. समदी म्हंत्यात तर खरंच आसंल. बायकूला म्हनलो बी, माझ्याच हातनं फुटला आसंल बांध." त्यानं पुढची वेल धरली. "आता तुमी म्हंता, न्हाई."

मी विचारलं, वर येता का, ठकूबाई वाट बघतेय.

"आत्ता न्हाई. पेरणीच्या तोंडाव समदी घरं वर येत्यात, तवा येतो. जिथं बोल लावला तिथं या तुमी. देवळाच्या वट्याव. समदी बसल्याव सांगा. अकरा जनांला म्हाईत झालं, बाकीच्या वाडीचं काय?" आणि मग, "मी उभा आसतानी सांगा."

त्यानंतर मी दोनदा वर जाऊन आलो. साध्या एसटीनं, कारण गाडीतले खण रज्जाकभाईंकडे काढायला दिलेत, सासूबाईंना बसता यावं म्हणून. आत्तापर्यंत चार घरांच्या बांधांवर चार दिवस भरले आहेत. हाताला घट्टे पडलेत. दगडाचं तोंड ओळखायला अजून मारुतींना विचारावं लागतं.

सात घरांचे सात दिवस माझ्याकडे बाकी आहेत. आणि देवळाच्या ओट्यावर, सगळी वाडी बसलेली आणि कोंडिबा उभा असताना, 'बांध मी पाडला' एवढं बोलणं बाकी आहे.